रविवारची अंड्याची पोळी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. आकाशवाणीवरून अभंगांपासून ऊसलागवडीपर्यंत पुष्कळ विषयांवर बोलले जाते. त्यात ही अंड्याची पोळी कुठून आली, आणि तीही महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाने सांगावी? माझे म्हणणे इतकेच की घरातल्या सगळ्या माणसांचे पोट ज्या पदार्थाने पंधरा मिनिटांत भरते, त्याचा विचार पंधरा मिनिटे करायला कोणाची हरकत नसावी. आणि विचार करावा असे त्यात पुष्कळ आहे.

आधी नावाचे बघू. आपल्या शाहूवाडीकडे जुन्या बायका आजही 'अंड्याची पोळी' म्हणतात. मलकापूरच्या किंवा बांबवड्याच्या गाड्यावर तिचेच 'आम्लेट' होते, आणि पावाबरोबर कागदावर येऊन बसते. हा दुसरा शब्द मूळ फ्रेंचांचा. त्याचा माग काढत गेले तर तो सुरीच्या पात्यापर्यंत, पातळ पत्र्यापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणजे पसरट, पातळ वस्तू ती आम्लेट. आपल्या आजीने फ्रान्सचे नावही न ऐकता तिला पोळी म्हटले, त्यात हेच शहाणपण होते. म्हणून मीही आज पोळीच म्हणणार आहे.

आता ही पोळी रविवारचीच का? तर त्या दिवशी सगळे घर एका वेळी घरात असते म्हणून. ही रविवारची सुट्टी आपल्याला आकाशातून पडल्यासारखी वाटते. पण ती मिळवावी लागली आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या डोंगरी भागातून पुढे कित्येक माणसे मुंबईला गिरण्यांत गेली. त्यांच्या रविवारच्या सकाळी लोखंड्यांचे हे ऋण होते, मग ते त्यांना ठाऊक असो वा नसो.

हे सारे मी एकदा शेजारच्या आक्कांना मोठ्या हौसेने सांगत होतो. त्या परड्यात कोंबड्यांना तांदळाच्या कण्या टाकत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, तुमास्नी रविवार हाय, पोरांस्नी हाय. आमास्नी कशाचा रविवार? उलट त्या दिशी चुलीपुढनं उठायला सवडच न्हाई."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण विषय मात्र तिथून मिळाला. कारण अंड्याच्या पोळीची गंमत, किंवा तिची खोड म्हणा, अशी आहे की ती एकेक करून तव्यावर पडते. पहिली घरधन्याला, दुसरी आलेल्या पाहुण्याला, मग मुलगा, मग मुलगी, मग सासूबाई. प्रत्येकाला गरम हवी. करणारी बाई तासभर तव्यापुढे उभी, आणि तिची पाळी येईपर्यंत एक तर अंडी संपलेली असतात, नाही तर घासभर तुकडा थंड होऊन पडलेला असतो. पुष्कळ घरांत ती म्हणते, "मला न्हाई आवडत." आता बघा, अंडे न आवडणाऱ्या बायका सगळ्या नेमक्या चुलीजवळच कशा सापडतात? ज्या घरात कोंबड्या तिने पाळल्या, मुंगसापासून आणि रानमांजरापासून तिने राखल्या, रात्री खुराड्याची कडी तिने लावली, त्याच घरात तिच्या वाटणीचे अंडे नसावे हे काही मला पटत नाही. बरे, कोंबडी ही तिची मिळकतही असते. अंडी विकून आलेल्या पैशांत वह्या येतात, मीठमिरची येते. विकू नयेत असे मी म्हणणार नाही. रविवारची मात्र ठेवावीत.

तेव्हा आजची पोळी सगळ्यांची मिळून एकच करायची आहे. घरात सहा माणसे धरू. सहा अंडी, एक मोठा तवा, एक पोळी आणि तिचे सहा तुकडे. सगळ्यांनी एकदम बसून खायचे.

प्रथम अंडी. आपल्याकडे गावठी अंड्याचा फार मान. बाजारात गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यापेक्षा चांगलीच जास्त किंमत मिळते, आणि माणसे ती आनंदाने देतात. चवीसाठी देत असाल तर जरूर द्या. जीभ ज्याची त्याची. परंतु ताकदीसाठी देत असाल तर थोडे थांबा. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पांढरी अंडी घालणारी लेगहॉर्न ही जात इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखली जाते. तिचे अंडे पांढरे, आपल्या परड्यातल्या कोंबडीचे तांबूस. आतला बलक पिवळा की केशरी हे तिच्या खाण्यावर अवलंबून असते. मका, हिरवा पाला, गवत खाल्ले की बलक गडद होतो. प्रथिनांच्या दृष्टीने दोहोंत सांगण्यासारखा फरक नाही. उलट पोल्ट्रीचे अंडे पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरते आणि गावठी चाळिसाच्या आसपास. म्हणून सहा पांढऱ्या अंड्यांच्या जागी गावठी घ्यायची तर आठ घ्यावी लागतील. एवढा हिशेब मनात असला म्हणजे पांढरे अंडे आणणाऱ्याला कमीपणा वाटायचे कारण उरत नाही.

अंडे ताजे आहे की नाही हे कसे ओळखावे? भांडेभर पाण्यात सोडा. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. आठ-दहा दिवसांचे झाले की त्याचे रुंद टोक वर उचलले जाते. अगदी तरंगू लागले तर बाजूला ठेवा. याचे कारण सोपे आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी हळूहळू उडून जाते आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एक तांब्या पाणी आणि तीन निरनिराळ्या वयांची अंडी, यापलीकडे खर्च नाही. हीच छिद्रे आहेत म्हणून अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत. कवचावर निसर्गाने दिलेला एक पातळ लेप असतो, तो धुतल्याने जातो आणि घाणीला आत जायला वाट मिळते. मळकट असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे, आणि धुवायचे ते फोडण्याच्या अगदी आधी. फ्रीज नसलेल्या घरात जुनी माणसे अंडी भुशात किंवा धान्यात ठेवतात. सावलीची, गार जागा असेल तर ती पद्धत वाईट नाही. मात्र उन्हाळ्यात आठवड्याच्या वर ठेवू नयेत.

गावठी अंड्याचा आणखी एक घोटाळा असतो. खुडूक कोंबडी कुठे गवताच्या गंजीत बसली आणि तिच्याखालची अंडी कोणी उचलून आणली, तर आत पिल्लू धरलेले निघते आणि सगळी न्याहारी वाया जाते. अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडापुढे अंडे धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. हे बघायला नको वाटले तर निदान प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून मग मोठ्या भांड्यात ओतावे. पाच चांगली अंडी सहाव्यापायी फेकावी लागली म्हणजे माणूस ही शिस्त पुन्हा विसरत नाही.

आता कांदा. मध्यम आकाराचे दोन कांदे, होता होईल तितके बारीक चिरलेले. इथेच बहुतेक पोळ्या बिघडतात. कच्चा कांदा सरळ अंड्यात घातला, वरून मीठ पडले, की कांदा पाणी सोडतो. ते पाणी पोळीत उतरते. पोळी चिकटते, फाटते, उलटताना तिचे तुकडे होतात. म्हणून कांदा आधी तव्यावरच पळीभर शेंगतेलात परतून घ्यावा. तांबूस करायचा नाही, फक्त नरम आणि काचेसारखा व्हायला हवा. दोन हिरव्या मिरच्या त्याच्याबरोबर. टोमॅटो घालायचाच असेल तर आतला रस आणि बिया काढून घाला. पण साध्या पोळीला तो नसला तरी अडत नाही. मूठभर कोथिंबीर, चिमूट हळद, बेताचे मीठ. आणि आपल्या कोल्हापूरकडची चटणी. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, इथे चटणी म्हणजे कांदा-लसणाचे तांबडे तिखट. ती अर्धा चमचा पुरे. ज्यांना डोळ्यांतून पाणी आल्याखेरीज जेवल्यासारखे वाटत नाही त्यांनी वरून घ्यावी. घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे असतात.

पुष्कळ घरांत अंडी पुरवठ्याला यावीत म्हणून त्यात बेसन किंवा तांदळाचे पीठ घालतात. याला कोणी गरिबीची युक्ती म्हणेल; मला ती शहाणपणाची वाटते. चमचाभर पीठ दोन चमचे पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवावे आणि मग अंड्यांत मिसळावे. पीठ पाणी धरून ठेवते, त्यामुळे पोळी जाड असूनही मोडत नाही. फक्त पीठ इतके वाढवू नये की अंड्याचा नुसता वास राहिला.

अंडी फेटायला काटा नसेल तर ताकाची लहान रवी घ्यावी. पांढरे आणि पिवळे एकजीव होईपर्यंत, म्हणजे मिनिटभर. फेस आणण्याच्या नादात हात दुखवून घेऊ नये. साध्या पोळीला त्याची गरज नाही.

यानंतर तवा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. भाकरीचा लोखंडी तवा पोळीला उत्तम, बिडाचा असेल तर त्याहून उत्तम. परंतु भाकऱ्या संपल्याबरोबर त्याच तव्यावर अंडे ओतले की ते करपते, कारण भाकरीला लागणारी आच आणि अंड्याला लागणारी आच यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिवाय तव्यावर जळलेले पीठ असते. तेव्हा तवा उतरवून पीठ पुसावे आणि जरा निवू द्यावा. तापमान ओळखायची खूण पाण्याची. तव्यावर थेंब टाकला आणि तो मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे पळू लागला, तर तवा फार तापला आहे. थेंब आहे तिथेच बसून चुरचुरला आणि आटला, की तवा बरोबर आहे.

अंड्याचे शास्त्र असे. त्यातली प्रथिने म्हणजे सुताच्या गुंड्या समजा. उष्णता लागली की गुंड्या उलगडतात, एकमेकींत गुंततात, आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. यालाच आपण अंडे जमले म्हणतो. साठ-पासष्ट अंशांना पांढरे जमू लागते, त्याच्या थोडे पुढे पिवळे. म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी अलीकडे हे काम पुरे होते. त्यापुढे आच देत राहिलो की जाळे आवळत जाते, पिळलेल्या फडक्यासारखे पाणी बाहेर टाकते, आणि पोळी रबरासारखी होते. आपल्याकडे 'चांगली भाजली' म्हणून जी खाल्ली जाते, ती बरेचदा ही पिळून काढलेलीच असते. पण म्हणून फ्रेंच लोकांसारखी आत पाझरती ठेवावी असेही मी म्हणणार नाही. अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू येऊ शकतात. सत्तरच्या थोडे वर तापमान गेले म्हणजे ते मरतात. घरात तापमापक कोणी ठेवत नाही. वरचा भाग हलवल्यावर वाहत नाही इतपत झाले म्हणजे समजावे. लहान मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाई यांच्या बाबतीत कच्चेपणाची हौस नको.

तर पळीभर तेल पसरून परतलेला कांदा तव्यावर सारखा करा, वरून फेटलेली अंडी ओता. चूल असेल तर दोन लाकडे मागे ओढा. निखाऱ्याची धग पुरते. गॅस असेल तर बारीक करा. कडा जमू लागल्या की उलथन्याने कडेचा भाग किंचित उचलून मधले पातळ खाली जाऊ द्या. मग वर ताटली झाकून पाच-सहा मिनिटे तिच्याकडे बघू नका. झाकणाखालच्या वाफेने वरचा भागही जमतो. आता उलटायची. एवढी मोठी पोळी अखंड उलटणे हे सर्कशीचे काम, आणि ती पडली तर सहा जणांची न्याहारी जमिनीवर. म्हणून तव्यातच मधोमध कापून दोन अर्ध्या करा, एकेक अर्धी उलटा, दुसऱ्या बाजूला दोन मिनिटे द्या, खाली उतरवा. प्रत्येक अर्धीचे तीन तुकडे. झाले.

हे काम कोणी करावे? यात बळ लागत नाही, नुसते लक्ष लागते. डेअरीला दूध घालून सात वाजता परतलेल्या माणसाला हे सहज जमते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जमते. आक्कांच्या घरी त्यांचा नातू हल्ली रविवारी तव्यापुढे असतो, आणि आक्का पाटावर बसून त्याला 'आच कमी कर' म्हणून सांगतात. सांगण्यात त्यांना खाण्याइतकीच चव येते असे दिसते.

घरात कोणी माळकरी असेल तर त्यांची पंगत मोडू नये. अंड्याचा तवा निराळा ठेवावा, परड्यात चूल असेल तर तिथे करावी. त्यांच्यासाठी बेसनात टोमॅटो, कांदा घालून जी पोळी करतात तिला महाराष्ट्रभर 'टोमॅटो आम्लेट' म्हणतात; अंड्याचा स्पर्शही नसताना नाव मात्र तेच. नावाचा हा समंजसपणा मला आवडतो. अंडे मांसाहारात धरावे की नाही यावर वाद जुना आहे. महात्मा गांधी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहीत होते. त्यात त्यांनी असे मत मांडले की ज्याला दूध चालते त्याला पिल्लू न धरणारे अंडे चालायला हरकत नसावी. पोल्ट्रीतली बहुतेक अंडी अशीच असतात, कारण तिथे कोंबडाच नसतो. गांधीजींचे म्हणणे मानावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. ताटाच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती नको, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला हिणवायलाही नको.

शिक्षक बंधुभगिनींना हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा दुसरे फळ, असा निर्णय केला. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा निधी थांबवण्यात आला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगण्यात आले. लोकसहभाग हा शब्द कागदावर चांगला दिसतो. परंतु डोंगरातल्या पंधरा पटाच्या शाळेला तो कुठून मिळणार? ज्या वाडीत पालक स्वतःच मजुरीवर आहेत, तिथे अंड्यासाठी हात कोणापुढे पसरायचा? मला तो निर्णय योग्य वाटला नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे तेवीस ग्रॅम लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे कोष्टक सांगते. म्हणजे एका अंड्याने दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा भागतो. शिवाय अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे. नुसत्या भातावर आणि पातळ आमटीवर वाढणाऱ्या पोरासाठी हा हिस्सा लहान नाही. शाळेतले अंडे परत येईल तेव्हा येईल; तोवर रविवारचे घरातले चुकू नये, आणि ते मुलाइतकेच मुलीच्याही ताटात पडावे. पालकसभेत गुरुजींनी आणि बाईंनी हे जरूर बोलावे. रोज निबंधाच्या वह्या तपासणारे आपण, पानावरचेही थोडे तपासायला काय हरकत आहे?

अंड्यात एक गोष्ट मात्र मुळीच नसते, ती म्हणजे क जीवनसत्त्व. म्हणून पोळीवर लिंबू पिळावे, किंवा नंतर परसातला पेरू खावा. बरोबर नाचणीची भाकरी असेल तर पावाची आठवण व्हायचे कारण नाही.

कोंबड्या बाळगणाऱ्यांसाठी दोन शब्द. हिवाळ्यात दिवस लहान झाले की गावठी कोंबडी अंडी कमी करते. तिला अंडी द्यायला चौदा-पंधरा तासांचा उजेड लागतो. तेव्हा तिला वांझ ठरवून कापू नका, दिवस वाढले की ती पुन्हा सुरू होते. आणि मानमोडीची लस पिल्लांना वेळेवर द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. ती साथ आली की खुराडेच्या खुराडे चार दिवसांत रिकामे होते, आणि मग रविवारही रिकामा.

शेवटी भांडी. अंड्याचे भांडे गरम पाण्याने धुवायला जाल तर चिकटलेले अंडे तिथेच शिजून बसेल. आधी गार पाण्यात भिजू द्यावे, मग राख आणि लिंबाच्या सालीने घासावे म्हणजे वासही जातो. तवा मात्र कोमट असतानाच कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावा. पुढच्या रविवारी अंडे त्याला धरणार नाही.